अण्णांनी हॉटेल भाच्याला दिलं. मुलाला का नाही?

गोदाकाठ
नाशिककरांनो, एका गोष्टीवरून आमच्या कट्ट्यावर सरळ दोन तट पडलेत, म्हणून धागा काढतोय.

शालिमारजवळच्या एका उडपी हॉटेलात आम्ही कॉलेजपासून बसतो. नाव लिहीत नाही, मालकांना आवडायचं नाही. मालक म्हणजे अण्णा, कर्नाटकातल्या कार्कळकडचे शेट्टी. १९७८ साली सातवी करून मुंबईला आले, टेबलावर फडकं मारण्यापासून सुरुवात. पुढे त्यांच्या मामाने नाशकात हॉटेल चालवायला घेतलं आणि ह्यांना इकडे बोलावून घेतलं. मामा थकल्यावर हॉटेल अण्णांकडे आलं. बायको-मुलं कायम गावी. वर्षातून एकदा जायचे, तेही घरच्या देवकार्याला. मुलीचं लग्न, मुलाचं इंजिनिअरिंग, गावच्या देवळाचा जीर्णोद्धार, सगळं ह्याच गल्ल्यातून. शनिवारी उपास, व्यसन कसलं नाही. एका खोलीत राहिले, भिंतीवर गावाकडची कटीलची देवी आणि शेजारी आपली सप्तशृंगी.

आता साठी ओलांडली. दसऱ्यापासून गल्ल्यावर बहिणीचा मुलगा बसतो, हॉटेल त्याच्या नावावर करायचं चाललंय. सख्खा मुलगा पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. मी विचारलं तर म्हणाले, "आमच्यात असंच असतं."

ज्या पोरासाठी उभा जन्म परमुलखात काढला त्यालाच बाजूला ठेवायचं, हे मला काही पटत नाही. तुमचं काय मत?

मिसळपंथी
सांबार तेच राहणार का? मत त्यावर अवलंबून आहे.

गोदाकाठ
भट्टीवर भाचाच होता इतकी वर्षं. सांबाराची काळजी नको.

मिसळपंथी
मग माझा भाच्याला पाठिंबा.

सिडकोवाली
मुलाने हॉटेल मागितलं होतं का? आधी ते सांगा. पहाटे चारला उठून नारळ फोडायला पुण्याहून कोण येणार आहे? त्याला शनिवार-रविवार सुट्टी असते, हॉटेलला शनिवार-रविवारच धंदा असतो.

गोदाकाठ
नसेल मागितलं. पण बापाने एकदा विचारायला तर हवं होतं!

कडल
मी त्याच समाजातली, बंट. जन्म नाशिकचा, शाळा सिडकोतली, त्यामुळे मराठीतून भांडायला काही अडचण नाही :)

"आमच्यात असंच असतं" ही अण्णांनी मारलेली थाप नाही. आमच्याकडे अळियसंतान पद्धत होती. वंश आईकडून मोजायचा, घर आईकडून मुलीकडे. पुरुष कारभार बघणार, त्याला यजमान म्हणायचं, पण त्याच्यामागे वारस त्याच्या बहिणीची मुलं. स्वतःची मुलं त्यांच्या आईच्या घरची. म्हणजे बाप मुलांचे लाड करणार, फी भरणार, आणि मिळकत मात्र भाच्याला जाणार. मद्रास सरकारने १९४९ मध्ये त्यावर कायदा केला, वाटणीचा मार्ग मोकळा झाला. मग १९५६ चा हिंदू वारसा कायदा आला आणि बायको-मुलांना हक्क मिळाले. कायदा बदलला, पण डोक्यातला हिशेब एवढ्यात पुसत नाही.

आता धागाकर्त्यांनी स्वतःच लिहिलेलं परत वाचावं. अण्णांना हे हॉटेल कोणी दिलं? मामाने. त्या मामालाही मुलं असतीलच ना? तेव्हा तुमच्या कट्ट्यावर कोणाला अन्याय दिसला नाही.

आणि ही माणसं इथे आली कशी तेही सांगते. कर्नाटकात १९७४ ला कुळकायदा कडक झाला. कसेल त्याची जमीन. आमच्या घराण्यांची भातशेती कुळांकडे गेली. योग्यच झालं, चिखलात तेच उभे असायचे. पण मोठी घरं नुसती मोठी राहिली, आत धान्य येईना, आणि सातवी-आठवीतली पोरं मुंबईच्या बसमध्ये बसवली गेली. आधीपासून जात होतीच, त्यानंतर रीघ लागली.

गोदाकाठ
मामाचा मुद्दा लागला. तरी पण काळ बदलला की नाही?

दावा_दाखल
वकिली करतो म्हणून दोन ओळी. हॉटेल वडिलोपार्जित नसून अण्णांच्या कष्टाचं असेल तर ते कोणालाही देऊ शकतात. भाच्याला, शेजाऱ्याला, देवस्थानाला. मृत्युपत्र केलं नाही तर मात्र बायको आणि मुलं वारस, भाचा कुठेच नाही. त्यामुळे "आमच्यात असंच असतं" एवढ्यावर थांबू नका, कागद करा.

दुसरं, जागा पागडीची असेल तर घरमालकाची लेखी संमती हवी. नुसता धंदा दिला म्हणजे भाडेकरूपण आपोआप सरकत नाही. तिथेच भांडणं होतात. शिवाय फूड लायसन्स, गुमास्ता, जीएसटी ह्यांतलं जे मालकाच्या व्यक्तिगत नावावर असेल ते नव्याने काढावं लागतं.

मिसळपंथी
वकीलसाहेब, ह्या सल्ल्याची फी म्हणून एक रवा मसाला माझ्याकडून.

खडूस_आजोबा
मी ऐन तारुण्यात गिरगावात होतो. १९६६ नंतर दक्षिणेकडच्या लोकांविरुद्ध जे वारं सुटलं ते डोळ्यांनी पाहिलंय. उडपी हॉटेलांवर दगड पडायचे. आमच्या चाळीतले दोघं-तिघं त्यात होते आणि त्याच हॉटेलात त्यांची उधारी होती. मालकाने दुसऱ्या दिवशी काच बदलली, उधारीची वही तशीच ठेवली, एक अक्षर बोलला नाही. आता सगळे प्रेमाने "आमचे अण्णा" म्हणतात, चांगलं आहे. पण हे प्रेम त्यांना फुकट मिळालेलं नाही एवढं लक्षात असू द्या.

सातपूर_एक्स्प्रेस
आजोबा, पण भूमिपुत्रांच्या नोकऱ्यांचा प्रश्नही खराच होता. सातपूर-अंबडला आम्ही तेच पाहिलं.

खडूस_आजोबा
प्रश्न खरा होता. इडलीवाल्याने तो निर्माण केला नव्हता.

संपादक_मंडळ
राजकारणाचे वेगळे धागे आहेत. इथे हॉटेल चालू द्या.

कॅम्पातला_दिन्या
उडपी झाले, इराणी विसरलात? लहानपणी देवळाली कॅम्पात आम्हाला हॉटेल म्हटलं की ब्रून मस्का आणि पाणी कम चाय. तीही परदेशातून आलेलीच माणसं. इराणातल्या यझ्दकडून निघायचं, बलुचिस्तानातून कराची आणि मग मुंबई. तिकडे त्यांच्या पारशी धर्मावर जिझिया कर होता. इथल्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हातारिया ह्यांना इराणला पाठवलं, त्यांनी अनेक वर्षं खटपट केली, तेव्हा कुठे १८८२ ला तो कर उठला. दुष्काळानेही बरेच बाहेर पडले. इथे येऊन नाक्यावरची दुकानं घेतली. आपल्याकडची माणसं म्हणे कोपऱ्याची जागा अशुभ मानायची, त्यामुळे स्वस्तात मिळाली. हे सगळे सांगतात, खरं-खोटं अग्नीलाच ठाऊक.

आमचा इराणी कमरेची कस्ती, म्हणजे त्यांचा पवित्र धागा, सोडून बांधायचा तेव्हा गिऱ्हाईक कितीही घाईत असो, थांबावं लागायचं. २१ मार्चला नवरोजला दुकान बंद. आणि उदवाड्याला, त्यांच्या तीर्थाला, जाऊन आला की आठवडाभर तोंडावर तेज. इराणशाह हा त्यांचा पवित्र अग्नी १७४२ पासून तिथे आहे.

निळा_घुमट
दिन्या, एक दुरुस्ती. सगळे इराणी हॉटेलवाले पारशी धर्माचे नव्हते. यझ्दकडूनच आलेले शिया मुसलमानही पुष्कळ होते. माझे आजोबा त्यातले. मोहरमच्या दहा दिवसांत हॉटेलात रेडिओ बंद आणि आशुराला शटर खाली. लोकांना एकच ब्रून मस्का दिसायचा म्हणून सगळे एका खात्यात.

कॅम्पातला_दिन्या
मान्य. मस्का एकच असल्याने घोळ झाला.

अष्टमठ
आम्ही उडुपीकडचे शिवळ्ळी ब्राह्मण, वडिलांचं नाशिकरोडला छोटं हॉटेल होतं. देवधर्म आणि हॉटेल एका घरात सांभाळायचं म्हणजे काय, हे आईला विचारा.

मध्वसंप्रदायात चातुर्मासाचे चार नेम. पहिला महिना भाज्या बंद, दुसरा दही, तिसरा दूध, चौथा डाळी. आता उडपी हॉटेलवाल्याच्या घरी चौथ्या महिन्यात डाळ नाही म्हणजे विचार करा. खाली हॉटेलात सांबाराची पातेली उकळतायत, कांद्याचा उत्तप्पा तव्यावर, आणि वर घरात वडील मिरी-जिऱ्याचं सार-भात जेवतायत. कांदा-लसूण तर वरच्या मजल्यावर कधी चढलाच नाही. हॉटेलचा पंचा खालीच काढून ठेवायचे, हातपाय धुऊन मग जिना.

उडुपीच्या कृष्णमठाची पूजा आठ मठांकडे पाळीपाळीने असते, दोन-दोन वर्षं. बदल होतो सम वर्षाच्या १८ जानेवारीला, त्याला पर्याय म्हणतात. त्याआधी गावोगावहून मठाला शिधा जातो, तांदूळ, नारळ, गूळ, भाजी. वडिलांची मोठी पंचाईत व्हायची. नाशिकचा माणूस म्हटल्यावर लोक विचारायचे, कांदे नाही का आणले? मठात कांदा कसा चालेल! शेवटी ते द्राक्षांच्या पेट्या पाठवायचे, त्याही अर्ध्या वाटेत पिचायच्या.

मिसळपंथी
नाशिकहून कांदा न नेता गेलेला पहिला माणूस :)

सिडकोवाली
अष्टमठ, तुमच्या आईचं काय? दोन स्वयंपाकघरांत ती एकटीच होती की काय?

अष्टमठ
खाली आचारी होते. पण इडलीचं पीठ तिच्याच अंदाजाने भिजायचं. चार भाग उकडा तांदूळ, एक उडीद, आणि थंडीत नाशकात पीठ फुगत नाही म्हणून भांडं रात्री भट्टीच्या ओट्याशी. मालक वडील, हे बरोबर. गल्ल्यावर ती कधी बसली नाही.

आधीचा_बाहेरवाला
मी सुरगाण्याकडचा. धागाकर्ते म्हणतात त्याच हॉटेलात मी बाहेरवाला होतो, दुकानांत चहा पोचवायचो. वेगवेगळ्या लोकांनी अण्णांची आरती केलीय म्हणून मीपण लिहितो.

सकाळी अण्णा स्वतः तवा लावायचे. पाण्याचा शिपका मारायचे, चर्र झालं की खराट्याच्या झाडूने तवा झाडून घ्यायचे, अर्धा कापलेला कांदा तेलात बुडवून फिरवायचे. पहिला डोसा विकायचा नाही. त्याचे तुकडे करून कावळ्यांना, मग गल्ल्याला उदबत्ती, मग शटर पूर्ण वर. हे होईपर्यंत बाहेर आयुक्त उभा असला तरी चहा नाही. पगार सात तारखेला, कधी आठ झाली नाही. पण ग्लास फुटला की कापून घ्यायचे. चैत्रात वणीच्या यात्रेला सुट्टी मागितली तर लगेच द्यायचे, "देवीचं काम" म्हणून. त्या दिवसांचा पगार मात्र नाही. देवीला सुट्टी, पैशाला नाही.

झोपायचो माळ्यावर, नऊ-दहा जणं, उन्हाळ्यात पत्रा तापायचा. मी लागलो तेव्हा चौदाचा पण नव्हतो. २००६ च्या ऑक्टोबरात हॉटेलात लहान पोरं ठेवायला बंदी आली तेव्हा अण्णांनी माझ्यापेक्षा लहान दोघांना घरी पाठवलं. त्यातला एक पुढच्या महिन्यात ऊसतोडीला गेला. हे चांगलं झालं की वाईट ते मला अजून सांगता येत नाही.

भाच्याबद्दल: तो माळ्यावर आमच्यात झोपायचा. मालकाचा भाचा म्हणून पंखा वेगळा नव्हता. मुलगा दोनदा दिसला, सुट्टीत आलेला, कोपऱ्यात बसून पुस्तक वाचायचा. चांगला होता. पण हॉटेल कोणाचं हे आम्हा पोरांना तेव्हाच माहीत होतं.

गोदाकाठ
दादा, हे ऐकलंच नव्हतं. आम्ही खुर्चीवरून बघत होतो.

सिडकोवाली
"देवीला सुट्टी, पैशाला नाही" वाचून हसले आणि मग नाही हसले.

रामकुंड_रिटर्न्स
अण्णांची एक गोष्ट माझ्याकडेही. २००८ च्या पुरात गोदावरी सराफ बाजारात घुसली, दुतोंड्या मारुती बुडाला, आमचं भांड्यांचं दुकान चिखलात. अण्णांचं हॉटेल उंचावर. दोन दिवस इडल्यांची पातेली पाठवली. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, बिल चुकतं करा, नफा सोडला आहे. फुकट दिलं नाही! तेव्हा राग आला होता, आता वाटतं बरंच केलं. उपकाराचं ओझं नाही राहिलं.

२०१५ च्या सिंहस्थात मात्र त्यांचा हिशेब चुकला. जादा तांदूळ, जादा माणसं मागवली आणि पर्वणीला आमच्या भागात एवढे अडथळे लावलेले की गिऱ्हाईक हॉटेलपर्यंत पोचेना. आता २०२७ चं भाच्याने बघावं.

मस्कतकर_सिन्नरचा
मी उलट बाजूचा. सिन्नर सोडून मस्कतला आलो, भागीदारीत खानावळ चालवतो. इथे मी परप्रांतीय. मुलगी दहावीला, सिन्नरला आजीकडे. रोज रात्री व्हिडिओ कॉलवर तिची शुभंकरोती ऐकतो, म्हणजे ऐकायचो, आता ती म्हणत नाही. दुकानात खंडोबाचा टाक आहे, भंडारा इथे मिळत नाही म्हणून जेजुरीहून येतो. मला अण्णांचं सगळं कळतं, फक्त भाच्याचं कळत नाही. मी हे सगळं मुलीसाठीच करतोय.

कडल
सिन्नरकर, तुमच्या मुलीला खानावळ हवीय का?

मस्कतकर_सिन्नरचा
तिला मेडिकलला जायचंय.

कडल
मग तुम्ही आणि अण्णा एकाच जागी आहात.

पण आता माझा खरा मुद्दा. इतका वेळ सगळे मुलगा की भाचा करताय. अण्णांच्या बायकोचं नाव कोणी काढलं? जुन्या पद्धतीत बाई आईच्या घरात राहायची, तिच्या मागे भाऊ, मामा, शेत, गुरं असायची. नवरा लांब असणं त्यात बसून जायचं. शेत गेलं, भाऊ मुंबईला गेले, आणि नवऱ्याचं लांब राहणं मात्र तसंच चालू राहिलं. जो आधार होता तो काढून घेतला आणि रीत ठेवली. माझ्या आईने हे बघितलं होतं, म्हणून लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात ट्रंक घेऊन नाशकात हजर झाली. वडील खोलीवर चार माणसांत राहायचे! आठवडाभर अबोला, मग सिडकोत घर भाड्याने घेतलं. म्हणून मी इथली झाले. घरी आम्ही रविवारी कोंबडीची कोरी रोटी खातो, हॉटेलात वडील शुद्ध शाकाहारी पाटी लावतात.

"कुटुंबासाठी झिजले" हे खरं. पण कुटुंबाने त्यांना पाहिलं किती?

अष्टमठ
+१. माझी आई नाशकात होती तरी वडील जिन्याखालीच असायचे.

खडूस_आजोबा
मुली, प्रश्न बरोबर आहे. पण त्या वेळी उडुपीला जायचं म्हणजे काय होतं तेही बघ. नाशिकहून मुंबई, मग रात्रभर आणि दिवसभर बस, घाट, उलट्या. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली. आता मंगला एक्स्प्रेस नाशिकरोडला थांबते आणि थेट उडुपीला सोडते.

कडल
आजोबा, रेल्वे आल्यावरही ते वर्षातून एकदाच गेले ना? नेमाला, म्हणजे कोलाला. घरच्या दैवाचा हा उत्सव असतो रात्रभर, सगळ्या घराण्याने हजर राहायचं. अंगात आलेलं दैव घरच्यांना नावाने हाक मारतं, तक्रारी ऐकतं, कोण आलं नाही ते विचारतं. 'कांतारा' सिनेमामुळे हल्ली सगळ्यांना माहीत झालंय. अण्णा दैवाला घाबरून जायचे, बायकोला घाबरले असते तर चार वेळा गेले असते.

मिसळपंथी
हे वाक्य आमच्या घरी फ्रेम करून लावतोय. माझ्या बाजूने कोण, ते नंतर ठरवू.

गोदाकाठ
काल दुपारी गर्दी ओसरल्यावर अण्णांशी बोललो. धाग्याचं सांगितलं नाही, नुसतंच बोललो.

मुलाला विचारलं होतं म्हणाले. बारावीनंतर. त्याने नको सांगितलं, आणि तेव्हाच फीचे पैसे देताना ह्यांनी त्याला सांगितलं की हा तुझा वाटा. भाच्याला वाटा म्हणून नाही, तो पंधरा वर्षं भट्टीशी उभा आहे म्हणून देतोय. "आमच्यात असंच असतं" हे मला कटवायला म्हणाले होते, रोज कोणी ना कोणी विचारतं म्हणून! भाच्याने दर महिन्याला ठरलेली रक्कम मामीच्या खात्यावर टाकायची, मामांच्या नाही. आणि कटीलच्या देवीला यक्षगानाच्या खेळाची सेवा बोलून ठेवलीय, तिथे म्हणे वर्षानुवर्षांची यादी असते, नंबर लागेल तेव्हा खर्च भाच्याचा.

मला अजून थोडं खटकतंच. फी म्हणजे वाटा कसा? फी प्रत्येक बाप भरतो. पण मुलगाच काही म्हणत नाही तर मी कशाला.

दावा_दाखल
मामीच्या खात्यावरची रक्कम तोंडी ठरलीय की लिहून?

गोदाकाठ
तोंडी. देवीसमोर.

दावा_दाखल
देवी साक्षीला कोर्टात येत नाही. लिहून घ्यायला सांगा.

आधीचा_बाहेरवाला
भाचा देईल. मी त्याच्यासोबत माळ्यावर झोपलोय. तरी वकीलसाहेब म्हणतात तसं लिहून घ्याच.

कडल
आणि मामी? त्या आता तरी नाशकात येणार का?

गोदाकाठ
नाही. अण्णाच जाणार, कायमचे. मे महिन्यात पत्तनाजे की काय असतं, त्यानंतर कोला बंद होतात, त्याच्या आत पोचायचंय. मंगलाचं तिकीट वेटिंगवर आहे, तेवीस.

कडल
तेवीस कन्फर्म व्हायचं नाही सुट्टीत. लोकमान्य टिळकहून मत्स्यगंधा बघायला सांगा, ठाण्याला चढता येईल. आणि डोशाचा तवा बरोबर नेऊ देऊ नका, मामी घरात घेणार नाहीत.